एक जूनवाले

३१ मेच्या दुपारनंतर महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी कचेरीत डोकवा. कुठे ना कुठे शाल, श्रीफळ आणि पेढ्यांचा पुडा दिसणारच. एरवीच्या महिन्यात निरोप समारंभ एखाद-दुसरा. मेअखेरीला मात्र हार कमी पडतात आणि भाषणं दोन-दोन मिनिटांत उरकावी लागतात. कारण साधं आहे. ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम. म्हणजे ३१ मेला घरी जाणारी ही सगळी मंडळी कागदोपत्री १ जूनला जन्मलेली. ते खरं मानायचं तर त्या काळच्या सुइणींना वर्षभर काम नसायचं आणि १ जूनला पाणी प्यायलाही फुरसत नसायची.

मी त्यातलाच एक. पारनेर तालुक्यातलं गाव, कोषागारातली नोकरी, जन्मतारीख १ जून १९६१, निवृत्ती ३१ मे २०१९.

आईचा हिशेब वेगळा होता. ती म्हणायची, “पुण्याला पूर आला तवा तू पाच महिन्यांचा पोटात व्हतास.” पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ला. मामा तेव्हा पुण्यात शनिवार पेठेत खोली घेऊन राहायचा. त्याची भांडीकुंडी, वळकटी सगळं मुठेने नेलं आणि तो अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्याकडे येऊन पडला. त्याला पाहून आईने जो हंबरडा फोडला, त्यामुळे तिचा पाचवा महिना तिच्या पक्का लक्षात राहिला. पुढे मी झालो तो कार्तिकी एकादशीच्या आगेमागे, खळ्यावर बाजरीची रास पडलेली असताना. थोरला भाऊ नवे पैसे आले त्या चैत्रातला, म्हणजे १९५७चा. धाकटी बहीण शास्त्रीजी ताश्कंदला वारले त्या थंडीतली, जानेवारी १९६६ची. अक्षरओळख नसलेल्या आईकडे देशाचा इतिहास असा पोरांच्या बाळंतपणांना बांधून ठेवलेला होता. वर्तमानपत्र तिने कधी वाचलं नाही, पण कुठल्या गोष्टीच्या आधी काय झालं हे विचारायला भावकीतल्या बायका तिच्याकडेच यायच्या.

शाळेच्या दाखल्यावर मात्र आम्हा तिघांचा जन्म १ जूनचा. वर्षं तेवढी वेगवेगळी. त्यामुळे कागदावर मी पुराच्या वेळी दीड महिन्याचा तान्हा होतो आणि आईच्या मते अजून जन्मलोच नव्हतो. या दोन्हींत खरं कोणाचं, याबद्दल मला कधीच शंका नव्हती. पण सरकारदरबारी आईची साक्ष कोण घेतो?

हे घडायचं कसं, ते माझ्या वयाच्या लोकांना ठाऊक आहे, नातवंडांना नाही. जूनमध्ये शाळा उघडायच्या वेळी गुरुजी वाडीवस्तीवर फिरायचे. दारात खेळणारं पोर दिसलं की बापाला वय विचारायचे. बाप म्हणायचा, “आसंल सा-सात वर्साचं.” मग पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे. बोटं कानाला टेकली की पोर पहिलीत. जन्माची नोंद गावच्या दप्तरात असली तर असली; जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभरासाठीचा कायदा झाला १९६९ साली, आणि तो वस्तीपर्यंत पोचायला आणखी किती वर्षं गेली ते विचारू नका. पहिलीला सहा वर्षं पुरी हवीत, वर्ष जूनमध्ये सुरू होतं, म्हणून गुरुजी सहा वर्षं मागे जाऊन १ जून लिहून टाकायचे. जनरल रजिस्टरात अंकी आणि अक्षरी. माझी बोटं कानाला लागली, आणि मी साडेपाच महिने आधी जन्मलो.

गंमत अशी, की आमच्या वर्गात बहुतेकांचा वाढदिवस एकाच दिवशी असूनही तो शाळेत कधीच साजरा झाला नाही. १ जून उन्हाळी सुट्टीत पडतो. त्या दिवशी कुणी करवंदांना गेलेलं असे, कुणी मामाच्या गावी, बहुतेक जण गुरांमागे. वाढदिवस ही चीज असते हेच मुळी आम्हाला नगरला कॉलेजात गेल्यावर कळलं.

तिथल्या ग्रंथालयात वर्तमानपत्रातला ‘दिनविशेष’ वाचायची सवय लागली. आपल्या तारखेला आणखी कोण कोण आहे, हे बघायची ओढ प्रत्येकालाच असते. खोट्या तारखेवाल्याला जरा जास्तच. १ जून १९२९ला कोल्हापुरात व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी ‘प्रभात’ काढली, आणि त्याच दिवशी कलकत्त्यात नर्गिस जन्मली, हे वाचून मी चाट पडलो. एक कंपनी, एक नटी, दोघींचा जन्म एका दिवशी, आणि गाठ मात्र कधी पडली नाही. मॅरिलिन मन्रोही १ जूनचीच, १९२६ची. तिची नोंद लॉस एंजेलिसच्या दवाखान्यातली आणि माझी गुरुजींच्या टाकातली, पण तारीख एकच म्हणून होस्टेलच्या भिंतीवर तिचा फोटो लावायला मला एक सबब मिळाली.

मग मी एका वहीत १ जूनच्या नोंदी करत गेलो. १८७४ साली याच दिवशी ईस्ट इंडिया कंपनी कायद्याने विसर्जित झाली. सत्ता सत्तावन्नच्या उठावानंतरच गेलेली, पण कंपनी नावाचं भूत कागदावर आणखी सोळा-सतरा वर्षं जिवंत होतं. कागदावरचं आयुष्य निराळं असतं हे मला तरी कुणी पटवून द्यायची गरज नव्हती. १९६४ साली याच दिवशी ‘नवा पैसा’मधला ‘नवा’ गळून नुसता पैसा राहिला, म्हणजे थोरल्या भावाची जन्मखूण माझ्या तारखेला पुसली गेली. २००१ साली नेपाळच्या राजवाड्यात राजा बीरेंद्र आणि त्यांचं कुटुंब मारलं गेलं तेही १ जूनच्याच रात्री. ती नोंद करताना हात जड झाला. दिनविशेषाच्या रकान्यात बारसं आणि मर्तिक एकाच ओळीत बसवतात, तेवढं त्याचं मला आवडत नाही.

वहीतली एक नोंद मला इतर सगळ्यांहून मोठी वाटते. अस्पृश्यतेबद्दल शिक्षा करणारा १९५५चा कायदा त्या वर्षीच्या १ जूनपासून अमलात आला. त्यानंतर बारा वर्षांनी मी शाळेत गेलो तेव्हाही आमच्या शाळेतल्या माठातलं पाणी काही मुलांना वरून ओतूनच मिळत होतं. ती मुलं आणि मी जनरल रजिस्टरात एकाच पानावर. त्या पानावर जातीचा रकाना आणि जन्मतारखेचा रकाना जवळजवळ होते. पहिल्यात गाव जसं वसलेलं तसंच उतरलेलं, आळीनिहाय. दुसऱ्यात वरपासून खालपर्यंत एकच तारीख. गुरुजींनी काही मनात धरून तसं केलं नव्हतं, पण आमच्या गावात सगळ्यांना सारखं मिळालेलं पहिलं काही असेल तर ते १ जून.

नगरच्या माणसाला १ जूनचा आणखी एक अभिमान असतो. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ला धावली ती नगर-पुणे रस्त्यावर. आमच्या गावचा फाटा त्याच रस्त्यावर. मामा पुरातून आला तो एसटीनेच, आणि मी नोकरीची ऑर्डर घ्यायला गेलो तोही एसटीनेच. २०२२च्या १ जूनला ‘शिवाई’ ही विजेवरची एसटी सुरू केली तीही याच रस्त्यावर. चौऱ्याहत्तर वर्षांत या रस्त्याची रुंदी वाढली, गाड्यांचे रंग बदलले. सुप्याच्या घाटात उलटी करणारी पोरं तेवढी तशीच राहिली.

रेल्वेची राणीही आमच्याच तारखेची. दख्खनची राणी १ जून १९३०ला सुरू झाली. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या, एक रुपेरी, दुसरी निळी. पुणे स्टेशनवर तिचा वाढदिवस प्रवासी मंडळी दरवर्षी केक कापून करतात, इंजिनाला हार घालतात. कचेरीच्या कामाने पुण्यात मुक्काम होता तेव्हा एकदा सकाळी मी ते पाहिलं. वाजंत्री, झेंडूच्या माळा, पासधारकांची लगबग. एका गृहस्थांनी माझ्याही हातावर पेढा ठेवला. आज माझाही वाढदिवस, असं सांगावंसं वाटलं, पण गाडीची तारीख खरी होती आणि माझी खोटी, त्यामुळे गप्प बसून पेढा खाल्ला. आयुष्यात वाढदिवसाचा म्हणून खाल्लेला माझा तो पहिला पेढा, आणि तो एका आगगाडीचा.

कोषागारात निवृत्तिवेतनाची प्रकरणं माझ्याकडे आली तेव्हा ही तारीख विनोदाची राहिली नाही. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर १ जून, पुढच्या पुस्तकात १ जून, त्याच्या पुढच्यात १ जून. शिपाई, तलाठी, परिचारिका, ग्रामसेवक, शिक्षक. शहरात दवाखान्यात जन्मलेल्यांच्या तारखा वर्षभर विखुरलेल्या. खेड्यातल्यांच्या इथे गोळा झालेल्या. कुणाच्या घरात शाळेत जाणारी पहिली पिढी कोणती, हे सेवापुस्तक उघडताच कळायचं. जन्मतारीख दुरुस्त करायची तर नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांत अर्ज करावा लागतो, आणि त्या पाच वर्षांत निवृत्तीचा विचार कोण करतो? तो सुचतो अठ्ठावन्नाव्या वर्षी, आईची खूण आठवून.

एकदा एक निवृत्त होणारे प्राथमिक शिक्षक फाइल घेऊन आले. त्यांचीही तारीख तीच. मी हसून विचारलं, “गुरुजी, तुम्ही स्वतः किती जणांना १ जून दिलात?” ते हसले नाहीत. म्हणाले, “भाऊसाहेब, पोरगं एकदा का गुरांमागं गेलं की परत येत नाही. त्याच्या बापाला तारखेचा पुरावा मागत बसलो असतो तर तो म्हणाला असता, पुढल्या वर्षी बघू. मला ते पोरगं त्याच दिवशी पटावर हवं होतं.” मी म्हटलं, मग तेरा जून, वीस मे असं काही का नाही? त्यावर त्यांचं उत्तर मला आजही पुरतं. “ती लबाडी झाली असती. १ जून वाचल्यावर कुणालाही कळतं, की हा अंदाज आहे.”

तोवर मी या तारखेला चुकीची नोंद म्हणत होतो. त्या दिवसापासून म्हणत नाही. आईने सांगितलेला दिवस माझ्या जन्माचा. १ जून माझं नाव कागदावर पहिल्यांदा उमटलं त्याचा. बापाच्या नावावर सातबारा होता, बाकी आमच्या घरात कुणाचंच नाव कुठे लिहिलेलं नव्हतं. आजीचं तर मेल्यावरही नाही. दुसऱ्या देशांतही हे चालतं म्हणे. अमेरिकेत पोचणाऱ्या अनेक निर्वासितांच्या कागदांवर जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण लिहिणाऱ्याला त्या रकान्यात काहीतरी लिहायचंच असतं. पण आमचा १ जून कुठल्या सीमेवर नाही, शाळेच्या दारात लिहिला गेला, आणि एवढा फरक मला फार वाटतो. त्यापायी सहा महिन्यांचा पगार बुडाला, हे आयुष्यभर हिशेब तपासलेल्या माणसाला टोचतं, नाही असं नाही. पण ते गुरुजी त्या दिवशी वस्तीवर आले नसते, तर बुडायला पगार तरी कुठून असता?

आता १ जूनला सकाळपासून मोबाइल वाजत राहतो. फेसबुक तर त्या दिवशी वेडंच होतं. माझी पत्नीही १ जूनचीच, त्यामुळे बँकेत दोघांच्या नावाचं खातं काढताना समोरच्या मुलीने आधी फॉर्मकडे आणि मग आमच्याकडे संशयाने पाहिलं होतं. मुलगा म्हणतो, बाबा, तुमचा खरा वाढदिवस आपण कार्तिकात करू. करा म्हटलं, एक जेवण जास्त झालं तर वाईट काय?

ही तारीख आता ओसरत चालली आहे. बाळंतपणं दवाखान्यात होतात, दाखला मोबाइलवर येतो. २०२३च्या दुरुस्तीनंतर तर १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मणाऱ्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून नोकरीपर्यंत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा एकमेव पुरावा. कानाला हात लावायला सांगणारे गुरुजी संपले, ते चांगलंच झालं.

तुमच्या घरात कुणी एक जूनवाले असतील आणि त्यांची आई, आत्या किंवा मावशी अजून बोलती असेल, तर एवढं करा. तारीख विचारू नका, ती तिला सांगता येणार नाही. शेतात तेव्हा काय उभं होतं, पाऊस कसा होता, गावात कोण वारलं होतं, देशात कशाची बोंब चालली होती, ते विचारा. आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या पाठीमागे लिहून ठेवा.