सोरी आणि सोरी

व्हँकुव्हरच्या ब्रॉडवेवरून सकाळी 99 नंबरची बस तुमच्यासमोरून न थांबता निघून जाते, तेव्हा तिच्या कपाळावर अक्षरं झळकत असतात : ‘सॉरी, बस फुल’. आपली एसटी अशा वेळी नुसती धुरळा उडवून जायची. इथली बस दिलगिरी व्यक्त करून जाते. उशीर तेवढाच होतो, पण शिव्या घशातच राहतात.

इथले लोक या शब्दाचा उच्चार ‘सोरी’ असा करतात आणि शेजारचे अमेरिकन त्यावरून त्यांना चिडवतात. दुकानात ‘सोरी’ म्हणजे अहो, जरा इकडे बघता का. स्कायट्रेनच्या दारात म्हणजे सरका. भुवया उंचावून म्हटलं तर, काय म्हणालात? मीटिंगमध्ये ‘सोरी, पण’ ऐकू आलं की सावरून बसावं, कारण पुढच्या वाक्यात तुमचा मुद्दा मोडीत निघणार असतो. आणि गर्दीत कुणी तुमच्या पायावर पाय दिला, तर ‘सोरी’ तुम्ही म्हणायचं! त्यानंही म्हणायचं, पण तुम्ही आधी. आपल्याकडे पाय लागला तर लावणारा वाकून नमस्कार करतो आणि विषय संपतो. ज्याचा पाय चेचला त्यानंच दिलगीर व्हायचं, हे अंगवळणी पडायला मला बरीच वर्षं लागली.

इतकं गुळगुळीत झालेलं हे नाणं कायद्यानंही मग सांभाळून घेतलं. ब्रिटिश कोलंबियानं 2006 मध्ये माफीचा कायदा केला, कॅनडातला अशा प्रकारचा पहिला. अपघातानंतर किंवा ऑपरेशन बिघडल्यावर कुणी ‘सोरी’ म्हणालं, तर दिवाणी दाव्यात ती चुकीची कबुली धरता येत नाही. त्याआधी वकिलांच्या धाकानं डॉक्टर तोंड मिटून बसत. कायदा शहाणाच आहे. तरी ज्या माफीनं काहीच अंगाशी येत नाही, ती ऐकणाऱ्याला कितपत पोचते याची मला शंका आहे.

ही शंका इथल्या पंजाबी लोकांना फार आधीपासून आहे. 1914 च्या मे महिन्यात ‘कोमागाता मारू’ जहाज 376 पंजाबी प्रवासी घेऊन या बंदरात आलं. मायदेशातून कुठेही न थांबता आलेल्यांनाच प्रवेश, असा नियम होता आणि हिंदुस्थानातून तशी थेट बोटच नव्हती. नियम करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. दोन महिने जहाज पाण्यात अडकवून, मोजके प्रवासी वगळता सगळ्यांना परत पाठवलं. कलकत्त्याजवळ बजबजला उतरताच गोळीबार झाला आणि त्यात काही जण मारले गेले.

ऑगस्ट 2008 मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी शेजारच्या सरे शहरात, एका बागेतल्या मेळाव्यात त्याबद्दल माफी मागितली. ते निघून जाताच आयोजकांनी त्याच व्यासपीठावरून ती नाकारली. माफी संसदेत मागा, म्हणाले. सरकारचं उत्तर आलं की एकदा मागितली, आता पुन्हा नाही. शेवटी 18 मे 2016 रोजी जस्टिन ट्रुडो यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये उभं राहून ती मागितली.

आमच्या इमारतीतल्या पंजाबी आजोबांना मी विचारलं, बागेतली का नाही चालली? शब्द तर तेच होते.

“बागेत मी रोज फिरायला जातो बेटा,” ते म्हणाले. “तिथे तर मला कुत्रेवालेही सोरी म्हणतात.”