पिळाचे पाते

करवतीच्या पात्याला एकाच कडेला दाते असतात आणि ते ज्या बाजूस तोंड करून असतील तिकडेच लाकूड कापले जाते. वळण घ्यावयाचे झाल्यास लाकूड फिरवावे लागते. फ्रेटकामाच्या विजेवर चालणाऱ्या यंत्राचा, म्हणजे स्क्रोल सॉचाही नियम हाच. या नियमाला अपवाद आहे तो पिळाच्या पात्याचा. बारीक चपट्या पात्यास दोरीसारखा पीळ दिला की त्याचे दाते चोहो बाजूंस वळतात. मग ते पुढे कापते, मागे कापते, डावीउजवीकडेही कापते आणि लाकूड फिरविण्याचे कारणच उरत नाही.

कला शाखेच्या पदवीधरांनी या विषयात पडावे काय, अशी शंका कोणासही येईल. आमच्या घरी कोंकणी बोलतात आणि कोंकणीत सुताराला थवय म्हणतात, एवढेच काय ते आमचे या धंद्याविषयीचे पिढीजात ज्ञान! परंतु शाळेची जुनी इमारत उतरविताना एका दाराची सागवानी फळी हाती लागली. लांबी तीन फूट, रुंदी नऊ इंच. नववीच्या मुलांनी हट्ट धरला, की वाचनालयाच्या नावाची पाटी याच फळीतून कापावयाची. बाजारात अॅक्रिलिकची तयार अक्षरे मिळतात आणि ती स्वस्तही पडतात, हे आम्ही त्यांना सांगून पाहिले. "पण सर, त्या दाराने आमचे आजोबा शाळेत आले होते," असे एकजण म्हणाला. यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. फळी एकच होती. बिघडली तर दुसरी आणावयाची कोठून?

पहिला खल झाला तो शब्दाविषयी. मुलांच्या मनात 'ग्रंथालय' होते. आम्ही फळ्यावर तो शब्द मोठा काढला आणि विचारले, हा कापल्यावर एकसंध राहील काय? देवनागरीचे मोठे सुख हे, की शिरोरेषा साऱ्या अक्षरांना धरून ठेवते. रोमन लिपीतला शब्द कापला तर अक्षरे सुटी पडतात. आपला शब्द मात्र दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखा एका रेषेला लोंबकळत राहतो. पण 'थ' या अक्षराच्या डोक्यावर ती रेषा तुटते आणि 'ग्रं' वरचा अनुस्वार तर मुळातच अधांतरी. म्हणजे पाटीचे तीन तुकडे होणार. 'वाचनालय' या शब्दात असे एकही अक्षर नाही, शिवाय रेषेच्या वर काहीच नाही. तेव्हा फळीची रंधा मारलेली वरची कड हीच शिरोरेषेची वरची कड धरली आणि एक लांब सरळ काप वाचला.

आता यंत्राकडे वळू. आमचे यंत्र सोळा इंची आहे, म्हणजे पाते आणि मागचा खांब यांत सोळा इंचांचे अंतर. तीन फुटांची फळी त्यात गरगर फिरविता येत नाही. 'व' चे पोट कापू लागलो की तिचे दुसरे टोक खांबावर आपटणार. पिळाच्या पात्याची गरज पडली ती येथे. फळी आडवी, एकाच रोखाने धरावयाची आणि नुसती पुढेमागे, डावीउजवीकडे सरकवावयाची. लेखणी जागेवर रोवून खालचा कागद हलवीत अक्षर काढावे, तसा हा प्रकार. प्रथम हात बावचळतो. म्हणून मुलांनी आठवडाभर प्लायवूडच्या तुकड्यांवर व आणि च गिरविले.

पात्यांना क्रमांक असतात. दोन शून्य किंवा शून्य या क्रमांकाचे पाते केसासारखे नाजूक. ते पातळ प्लायवर आणि बारीक जाळीत शोभते. अर्ध्या इंचाच्या सागाला ते पुरे पडत नाही. सागात सिलिका असते, त्यामुळे दाते लवकर बोथटतात. आम्ही तीन क्रमांकाचे घेतले. लांबी बहुतेक सर्वांची पाच इंच. शक्य तर ज्याची दोन्ही टोके चपटी ठेवली आहेत तेच पाते निवडावे, कारण पिळाचे गोल टोक पकडीतून निसटते. आणि ताण चपट्या पात्याहून अंमळ अधिक द्यावा. काम करता करता हे पाते ताणले जाते व ढिले पडते. मधूनमधून यंत्र थांबवून ताण पाहिलाच पाहिजे.

या पात्याचे अवगुणही सांगितले पाहिजेत. त्याची चीर रुंद पडते, कापाची कड खरबरीत राहते. सरळ रेषेशी तर त्याचे वैरच. लाकडाच्या मऊ रेषा दिसल्या की ते तिकडे ओढ घेते, आणि चोहोंकडे दाते असल्यामुळे त्यास अडविणारे काहीच नसते. सुंभ जळले तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ हाच असावा असे आम्हांस एकदोनदा वाटले! यास्तव अक्षरांचे उभे दंड आम्ही चपट्या पात्याने कापले. फळी न फिरविता ते साधते. गोलाई पिळाच्या पात्याने. शिरोरेषेची खालची कड याच पात्याने, पण आखणीपासून सुताइतके लाकूड राखून; ते मागाहून कानशीने उतरविले. 'व' आणि 'च' यांच्या बंदिस्त पोटात गिरमिटाने भोक पाडून पाते आत ओवावे लागते. पिळाचे पाते लाकूड वर उचलू पाहते, म्हणून दोन्ही हातांनी फळी मेजावर दाबून धरावयाची, बोटे पात्याच्या वाटेत आणावयाची नाहीत. डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडाला फडके हवेच.

'न' कापताना फळीतली एक जुनी खिळ्याची जागा आली. पाते तडकन तुटले आणि सारे स्तब्ध झाले. फळीला काही झाले नव्हते. कापणाऱ्या मुलीने नवे पाते चढविले, ताण पाहिला आणि यंत्राची गती कमी करून ती पुन्हा कामाला लागली. आमच्या तोंडून तोवर शब्द निघाला नव्हता.

पाटी आता भिंतीवर आहे. उरलेली पाती डब्यात घालून, क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावून कपाटात ठेविली आहेत, कारण त्याच दाराची दुसरी, थोडी आखूड फळी मेस्तांकडे निघाली आहे आणि मुलांना 'प्रयोगशाळा' कापावयाची आहे. 'यो' ची मात्रा रेषेच्या वर जाते, म्हणजे यावेळी फळीची कड कामास येणार नाही. 'ळ' ला तर दोन पोटे. पहिले भोक कोठे पाडावे यावर वर्गात अद्याप एकमत झालेले नाही.