भिक्षापात्राचे तुकडे

पवित्र अवशेषांच्या मागावर निघालेला मारेकरी आणि त्याला आडवी येणारी अदृश्य शक्ती, अशा अद्भुतकथा आपण आवडीने वाचतो. इतिहासात मात्र मारेकरी राजमुद्रा घेऊन आले. जाफन्यात हाती लागलेला, बुद्धाचा मानला जाणारा दात १५६१ साली गोव्यात, पेगूच्या राजाने देऊ केलेले विपुल द्रव्य नाकारून, कुटून जाळण्यात आला. आभाळ कोसळले नाही.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याच्या स्तूपातून, एकात एक ठेवलेल्या करंडकांतून, बुद्धाच्या भिक्षापात्राचे समजले जाणारे मातीचे तुकडे हलक्या हाताने बाहेर काढले. ते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे सोपवण्यात आले. संत फ्रान्सिस झेवियरांच्या अस्थींपुढे गुडघे टेकणाऱ्या आम्हांला ही माती परकी कशी वाटावी?