फुंकर एकाची, नळी दुसऱ्याची

मंडळी, पहिल्या पावसात रुजलेली आंब्याची कोय दगडावर घासून तिची पुंगी कुणी कुणी वाजवली आहे? आणि पपईच्या देठाची पिपाणी? आमच्या पिढीचं संगीतशिक्षण तिथूनच सुरू झालं, आणि बहुतेकांचं तिथेच संपलं!

पण असल्या जोडजंतर वाद्यांना हसू नये. पालघरकडच्या वारल्यांचा तारपा पाहा. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मधमाश्यांचं मेण. एकाचं दुसऱ्याशी नातं नाही, पण त्याच्या सुरावर अख्खा पाडा रात्रभर नाचतो. तिकडे पॅरिसमध्ये अॅडॉल्फ सॅक्सने पितळी शंकूला क्लॅरनेटसारखं एका पत्तीचं तोंड बसवलं आणि १८४६ साली पेटंट घेतलं. तोच आपला सॅक्सोफोन.

आमच्या घरचा कारखाना मात्र गेल्या वर्षी सुरू झाला. न्यूमोनियातून उठलो तेव्हा जिना चढताना धाप लागायची. डॉक्टरांनी तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र दिलं. श्वास ओढायचा, गोळ्या वर. दोन गोळ्या चढत, तिसरी ढिम्म! पुढे श्वास जरा सुधारल्यावर डॉक्टरांना विचारून काहीतरी फुंकायचं ठरवलं.

शेजारच्या गल्लीत एक बँडमास्तर राहतात. लग्नात डीजे आले, बँड मोडला. क्लॅरनेटचं लाकूड तडकलं, ते गेलं. उरलं फक्त तोंड, म्हणजे माऊथपीस आणि पत्ती, रुमालात गुंडाळून ठेवलेलं. मी मागितलं तर बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "न्या गुरुजी. पण चिपकवू नका बरं. एखाद्या वेळी खालचा भाग भेटला तं मले लागन."

नातवाने वायरिंगच्या कामातून उरलेली दोन फुटी पीव्हीसी नळी आणली. सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि मेण लावलेला दोरा गुंडाळला. सळई तापवून भोकं पाडायचा आमचा बेत सूनबाईंनी हाणून पाडला. पीव्हीसीचा धूर बाधतो, तेव्हा ड्रिलच वापरायचं, असा हुकूम झाला.

भोकं पाडण्याआधी एक गंमत झाली. नुसत्या नळीच्या काठावर तिरकी फुंकर घातली की जो सूर निघे, तोच क्लॅरनेटचं तोंड लावल्यावर साधारण सप्तकभर खाली उतरला! नळी तीच. नातवाने वहीत आकृती काढली. बासरीची नळी दोन्ही टोकांनी उघडी. पत्तीचं तोंड लावलं की ते टोक बंद असल्यासारखं वागतं, आणि त्याच लांबीत दुप्पट लांब लहर मावते. जोर वाढवला की बासरी 'सा'वरून वरच्या 'सा'वर जाते. आमची नळी मात्र थेट वरच्या सप्तकातल्या 'प'वर उडी मारते. सनईचंही एक टोक असंच बंद, पण नळी शंकूसारखी रुंदावत जाते, म्हणून ती पुन्हा 'सा'वर जाते. म्हणजे भाग कुठून आले याला हवा विचारत नाही. ती नळीचा आकार पाहते, टोक उघडं की बंद ते पाहते, आणि सांध्यातून कुठे गळती नाही ना, तेही पाहते.

१९३७ च्या ऑक्टोबरात याच वर्ध्यात 'नई तालीम'ची परिषद भरली होती. हाताने शिकावं, हा तिचा गाभा. वर्गात खडूने काढलेल्या लहरींपेक्षा ही एक नळी नातवाला जास्त शिकवून गेली, एवढं खरं.

असो. आता मला एका दमात सहा सूर काढता येतात. गेल्या रविवारी मास्तर आले. नळी उलटसुलट पाहिली, सांधा फिरवला, तोंड अलगद निघतं याची खात्री केली आणि मग परत बसवून वाजवली. भोकं थोडी बेसूर होती. तरी ओठांनी सावरून त्यांनी वरातीची एक जुनी चाल पुरी केली. सूनबाई गॅस बंद करून बाहेर आल्या.

जाताना तोंड त्यांच्यापुढे केलं. म्हणाले, "राहू द्या अजून." सांधा मात्र आम्ही अजूनही दोऱ्याचाच ठेवला आहे. कुणाच्या माळ्यावर क्लॅरनेटचा खालचा भाग पडून असेल, तर मंडळी, जरूर कळवा!