सॉरी कोण म्हणालं?

मैत्री आणि क्षमा हे दोन शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाले आहेत. ज्याने अन्याय केला तो म्हणतो, "झालं गेलं विसरून जा." ज्याने सोसला त्याने लगेच मोठं मन दाखवायचं. नाही दाखवलं तर तो कटुता पसरवणारा ठरतो. ही सक्ती लहानपणापासून कशी मुरवली जाते, हे मला एका माशाच्या पुस्तकाने दाखवलं.

स्वित्झर्लंडचे चित्रकार मार्कुस फिस्टर यांचं 'द रेनबो फिश' हे चित्रपुस्तक १९९२ साली जर्मनमध्ये आलं आणि मग जगभर गेलं. एक देखणा मासा, अंगावर झगमगणारे खवले. ते खवले पानावर खरोखरच चमकतात, पान हललं की रंग बदलतात. छोटा निळा मासा त्याच्याकडे एक खवला मागतो. हा गर्विष्ठ, त्याला हाकलून देतो. मग सगळेच मासे त्याच्याशी बोलणं टाकतात. शेवटी ऑक्टोपसच्या सल्ल्याने तो एकेक खवला वाटून टाकतो आणि त्याला मित्र मिळतात. हे पुस्तक समाजवाद शिकवतं, असाही आक्षेप काहींनी घेतला. घेऊ देत. संपत्ती वाटली की ज्यांच्या पोटात दुखतं ते माशांनाही सोडत नाहीत.

माझा मुद्दा दुसऱ्या पुस्तकाचा आहे. १९९५ साली याच गोष्टीचा पुढचा भाग आला. आता प्रत्येक माशाकडे एक चमकता खवला आहे. एक छोटा, पट्ट्यापट्ट्यांचा मासा खेळायला येतो. त्याच्याकडे खवला नाही, म्हणून त्याला खेळात घेत नाहीत. कोण? तेच, ज्यांच्याकडे कालपर्यंत एकही खवला नव्हता! बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, ती मुलांना याहून सोपी करून कशी सांगणार? वरच्याने दिलेला एक तुकडा अंगावर चिकटला की खालच्याला अडवायला तो पुरतो. हे आपल्यालाही लागू आहे. आपल्यातल्या पोटजाती, आपल्यातले साहेब झालेले लोक, सगळ्यांना.

आणि खुद्द इंद्रधनुषी मासा? त्याला आपलं जुनं एकटेपण आठवतं, पण बोलायचं धैर्य होत नाही. नंतर शार्क येतो, पट्ट्यांचा मासा मरायला टेकतो, तेव्हा हे सगळे त्याला वाचवायला धावतात. शेवटी सगळे मिळून खेळतात.

आमच्या विहारात रविवारी मुलांना मी हे मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं. एकाने आधी विचारलं, "सर, हा खायचा मासा आहे का?" खूप हसलो. मग पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "पण सॉरी कोण म्हणालं?" मी पानं चाळू लागलो, तेवढ्यात तीच म्हणाली, "शार्क आला नसता तर त्यांनी त्याला घेतलंच नसतं."

माझ्या दहावीच्या बॅचचा एक ग्रुप आहे. त्यात माझा जुना मित्र आहे. आम्ही एका बाकावर बसायचो, एका पेनाने लिहायचो. त्याच्या घरी मात्र मला ओट्यावरच थांबायचं आणि आजी वरून ओंजळीत पाणी ओतायची. परवा स्नेहसंमेलनाचा विषय निघाला तेव्हा त्याने मला लिहिलं, "अरे, जुनी माणसं होती ती, मनावर नको घेऊस." आजीविषयी माझी तक्रार नाही, ती तिच्या धर्माप्रमाणे वागली. तू तिथेच दारात उभा होतास, मित्रा. एक पेला उचलून आणायला तुला शार्क लागणार होता का?

आता कुणी म्हणेल, बुद्धाच्या माणसाने इतकं धरून बसावं का? त्यांनी अंगुलिमालाची गोष्ट नीट वाचावी. अंगुलिमालाने आधी शस्त्र टाकलं, चीवर घातलं. तरी भिक्षेला गेला तेव्हा लोकांनी त्याला ढेकळांनी, काठ्यांनी मारलं. रक्ताळलेल्या डोक्याने तो परत आला. बुद्धांनी गावाला 'माफ करा' असा उपदेश केला नाही. त्यालाच सांगितलं, सहन कर, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे. धम्मात मैत्री सर्व जीवांविषयी आहे, आणि म्हणूनच मी त्या मित्राचा द्वेष करत नाही. पण माझी मैत्री म्हणजे त्याचा हिशेब मिटल्याची पावती नव्हे.

त्याला मी एवढंच लिहिलं, "संमेलनाला येतो. त्याआधी सांग, तुझ्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचा चहाचा कप कुठे ठेवलेला असतो?" निळ्या दोन खुणा दिसल्या. चार दिवसांनी त्याने फोन केला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, आणि मग म्हणाला, "खिडकीत ठेवतो रे." बाकीचं भेटल्यावर बोलू, असं ठरलं आहे.