पंचाहत्तर इंच

पुण्यात नवी सायकल घ्यायची तर पूर्वी तीनच गोष्टी ठरवायच्या असत. ॲटलास की हीरो, कॅरियर साधं की स्प्रिंगचं, आणि फ्रीव्हील १८ की २०. पहिल्या दोन गोष्टींवर घरात आठवडाभर खल चालायचा. तिसरी घरच्यांच्या गावीही नसायची. ती विचारायचा दुकानातला मिस्त्री, तेही सायकलचं आउट काढता काढता, मान वर न करता. "रोज कुठं जाणार?" कॉलेजला म्हटलं की १८. दुधाचे कॅन किंवा पावाचे ट्रे वाहणारा असला की २०. विषय संपला. पुढचं चक्र ४८ दात्यांचं, मागचं १८ चं. गियरची निवड म्हणतात ती एवढीच, आणि ती सायकल भंगारात जाईपर्यंत पुरायची.

आज माझ्याकडे जी माउंटन बाइक आहे तिचे गियर मागच्या हबच्या पोटात आहेत, आठ. ती जुळवताना कुठलं चक्र लावायचं यावर मी कागदाच्या कागद भरले. तेव्हा सवड मिळाली म्हणून त्या जुन्या काळ्या सायकलचंही गणित मांडलं, जे त्या काळी मांडायचं कुणाच्या डोक्यात आलं नसतं.

गणित सोपं आहे. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा व्यास इंचांत. येतो तो आकडा म्हणजे गियर-इंच. हे माप उंच चाकाच्या सायकलींच्या काळातलं. त्या सायकलींना चेनच नव्हती, पायडल थेट पुढच्या चाकालाच. म्हणून जेवढं चाक मोठं तेवढा वेग जास्त, आणि चाक किती मोठं घ्यायचं हे स्वाराच्या पायाची लांबी ठरवायची. चेन आली आणि पायाची लांबी सुटली, माप मात्र राहिलं. आमची काळी सायकल २८ इंची चाकाची: ४८ भागिले १८, गुणिले २८. जवळजवळ ७५ इंच. मिस्त्रीने २० लावलं असतं तर ६७.

७५ इंच म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सहा मीटर पुढे. मिनिटाला साठ फेरे मारले की ताशी २१ किलोमीटर. लक्ष्मी रोडला, कर्वे रोडला याहून छान गियर नाही. मागे डबलसीट मित्र असला तरी चालायचं. पण सिंहगडाचा चढ लागला, की पायी चालण्याच्या, म्हणजे ताशी पाचच्या गतीला त्या सायकलचे पायडल मिनिटाला फक्त १४ फेरे घेतात. एका फेऱ्याला चार सेकंदांहून जास्त. त्याला पायडल मारणं म्हणत नाहीत, पायडलवर उभं राहून वजन टाकणं म्हणतात. आधी डावीकडे सगळा देह, मग उजवीकडे. हँडल हाताने ओढायचं, रस्ता नागमोडी कापायचा, आणि तरीही गोळेवाडी सोडल्यावर थोड्याच वेळात उतरून सायकल ढकलायची. कात्रज, दिवे, बोपदेव, सगळीकडे तेच. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, ते उगाच नाही.

गियरची सायकल त्या काळी नव्हती असं नाही. एखाद्या प्राध्यापकाकडे इंग्लंडहून आणलेली रॅले असायची, मागच्या हबमध्ये स्टर्मी-आर्चरचे तीन गियर. ही कंपनी मूळची नॉटिंगहॅमची, १९०२ पासूनची. तिचं एडब्ल्यू नावाचं हब १९३६ साली आलं. ते मी जवळून पाहिलं आहे. हबच्या पोटावर तेल घालायचं चिमुकलं टोपण, आणि नळकांड्यावर ठसवलेले बारीक आकडे: कुठल्या साली बनलं ते. चालताना दुसऱ्या-तिसऱ्या गियरला टिकटिक वाजायचं, पहिल्याला गप्प. तार जरा ढिली झाली की दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे पायडल एकदम रिकामं फिरायचं, आणि बेसावध माणूस दांडीवर आदळायचा. आम्हाला त्या सायकलचा हेवा वाटायचा. आज आकडे मांडून पाहतो तर हेवा बराचसा फुकट गेला! तिन्ही गियर पाऊण पट, सरळ आणि सव्वापटीहून थोडा जास्त. ४६ आणि १८ दात्यांवर सगळ्यात हलका गियर ५४ इंच भरतो. त्या गियरवर सिंहगड प्राध्यापकांनाही ढकलतच चढावा लागला असता. सपाटीवर वाऱ्याच्या विरुद्ध जाताना मात्र त्यांचं बरं होतं.

आता माझी सायकल. शिमानोचं अल्फाइन हब, आठ गियर. पहिला मूळ गुणोत्तराच्या ०.५२७ पट, आठवा १.६१५ पट, म्हणजे हलक्यातून जड साधारण तिप्पट. ही तिप्पट ठरलेली आहे, तिच्यात आपल्याला हात घालता येत नाही. आपल्या हातात आहेत ती पुढची-मागची चक्रं, आणि त्यांनी सगळी पट्टी एकदम वर सरकते किंवा एकदम खाली. बाहेरच्या डिरेलर गियरमध्ये मागे चक्रांची रासच असते. तिथे मोठं चक्र हवं तर कॅसेट बदलायची. हबमध्ये परत मिस्त्रीचाच प्रश्न: रोज कुठं जाणार?

मी ३२ पुढे, २० मागे लावलं. २९ इंची चाक. पहिला गियर साडेचोवीस इंच, आठवा ७५.

होय, ७५. आमच्या काळ्या सायकलला जो एकुलता एक गियर होता, तो आता सगळ्यात जड, आणि तो मी उतारावरच वापरतो. सिंहगडाच्या चढावर ताशी पाचला माझे पाय आता मिनिटाला ४३ फेरे घेतात, बसूनच. गुडघे कुरकुरत नाहीत. थांबलो असतानाही गियर बदलतो, ही हबची खरी चैन. चढावर गियर टाकताना पाय क्षणभर हलका करावा लागतो, तेवढं सांभाळायचं. पाचव्यावरून सहाव्यावर २२ टक्क्यांची उडी आहे, ती पायाला जाणवते. जर्मनीच्या रोहलॉफने १९९८ साली १४ गियरचं हब काढलं, त्याच्या सगळ्या पायऱ्या सारख्या, १३.६ टक्क्यांच्या, आणि पट्टी सव्वापाच पट. पण त्याच्या किमतीत दारात नवी मोटरसायकल उभी राहील.

काही गोष्टी मात्र फिरून तिथेच आल्या. एकच चेन, सरळ रेषेत. पावसाळ्यात पानशेतच्या वाटेवरचा चिखल लागला तरी गियर आतच कोरडे. चेन ढिली झाली की मागचं चाक सरकवून ताणायची, अगदी पूर्वीसारखी. आणि मागच्या चाकाचं पंक्चर म्हणजे पूर्वीसारखीच कटकट, वर आता गियरची तारही सोडायची.

माझ्या निवडीत एक गोम आहे, ती सांगायला हवी. मागचं चक्र पुढच्याच्या मानाने जितकं मोठं, तितका हबच्या आतल्या दातऱ्यांवर पीळ जास्त. म्हणून हबवाले इतकं खाली येऊ नका म्हणतात. रोहलॉफनेही पुढचे भागिले मागचे दाते या गुणोत्तराला आधी किमान २.३५ ची मर्यादा घातली होती, पुढे ती १.९ पर्यंत सैल केली. मी १.६ वर आहे. अंगाने किरकोळ आहे, उभा राहून पायडल मारायचं कधीच सोडलं आहे, म्हणून निभतं. जाड्या आणि जोरकस माणसाने माझं अनुकरण करू नये.

पुतणीला हे मान्य नाही. "काका, पुढे ३६ लाव. हबलाही बरं, आणि सपाटीवर तू नुसता भिरभिरत बसतोस ते थांबेल." तिचा हिशोब चुकत नाही. ३६ ला पहिला गियर साडेसत्तावीस होतो, आठवा ८४. फक्त चढावर ४३ च्या जागी ३८ फेरे. पाच फेऱ्यांनी काय होतं, असं ती विचारते. तिच्या वयाला काहीच होत नाही. तिच्या सायकलला मीही ३६ च लावलं असतं.