कॉमन ब्लॉकचा कारभार

जुन्या वैज्ञानिक प्रोग्रामांशी ज्याचा संबंध येतो, त्याची फोरट्रानपासून सुटका नाही. मूळ गणित फोरट्रानमध्ये, भोवतीचं नवं काम सीमध्ये आणि दोघांत सामाईक अशी मूठभर ग्लोबल व्हेरिएबल, हा माझ्या रोजच्या कामाचा ठरलेला मामला.

फोरट्रानची सामाईक जागा म्हणजे कॉमन ब्लॉक. १९५८ च्या फोरट्रान-२ पासून तो चालत आला आहे. ब्लॉकला नाव असतं, पण आतल्या व्हेरिएबलांना प्रत्येक सबरूटीनने वाटेल ते नाव द्यावं. जुळायला हवा तो फक्त क्रम. सीमध्ये त्याच क्रमाचं स्ट्रक्ट लिहायचं, एक्स्टर्न म्हणायचं आणि नावाला शेवटी अंडरस्कोर लावायचा, कारण जीफोरट्रान हा कंपायलर ब्लॉकचं नाव लहान अक्षरांत करून, अंडरस्कोर जोडूनच लिंकरला देतो. नाव जुळलं की लिंकर दोघांना एकाच पत्त्यावर बसवतो. आत कुठे काय आहे, याची तो चौकशी करत नाही. सातबाऱ्यावर दोघांची नावं लागली, हद्द मात्र कुणी मोजलीच नाही, असा हा कारभार.

खरी मेख बाइटांत आहे. आधी ४ बाइटांचा इंटिजर, मग ८ बाइटांचा डबल असेल, तर ६४ बिटी यंत्रांवर सी मध्ये ४ बाइट रिकामे सोडते. फोरट्रानच्या मानकाला अशी फट मंजूर नाही. जीफोरट्रान ती सोडतो, पण ताकीद देऊन (आणि ताकिदी वाचतो कोण!). म्हणून जुने लोक डबल आधी लिहायचे. क्रम चुकला तरी प्रोग्राम बिनतक्रार चालतो. इंटेलच्या यंत्रावर १.० हा डबल दोन इंटिजर म्हणून वाचला गेला, तर पहिला ० दिसतो आणि दुसरा १०७२६९३२४८. हा आकडा पडद्यावर दिसला, की मी गणित तपासत बसत नाही. सरळ स्ट्रक्ट उघडतो.

फोरट्रान २००३ मध्ये लिंकरकडे जाणारं नाव आपल्याला ठरवू देणारं बाइंड-सी आलं आणि अंडरस्कोरची कटकट मिटली. सीच्या इंट आणि डबलशी जुळणारे प्रकारही मिळाले. तरी क्रम राखायचा तो माणसानेच. फोरट्रान २०१८ ने तर कॉमन ब्लॉकला कालबाह्यांच्या यादीत टाकलं, हे उत्तमच झालं. नव्या कामात मी व्हेरिएबल एकाच भाषेच्या ताब्यात ठेवतो, दुसरीला वाचायला-लिहायला दोन फंक्शनं देतो. जुन्या ब्लॉकमध्ये भर घालायची वेळ तुमच्यावर आलीच, तर आधी दोन्ही बाजूंनी प्रत्येक व्हेरिएबलचा पत्ता छापून ताडून बघा.